मधला आकडा

ऐका, हे आत्ताच्या आत्ता सांगते, नाहीतर संध्याकाळपर्यंत मी काहीतरी सबब शोधीन आणि गप्प बसेन. आईच्या जुन्या कॉम्प्युटरमधली तिची गाणी मी पुसली. मीच, माझ्या हातानं, बटण दाबून.

नीट सांगते. आई नंदुरबारच्या मिरची मार्केटात एका शेठकडे ऑपरेटर होती. तेव्हा त्यांच्याकडे युनिक्सवालं मशीन होतं. माउस नाही, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर पिवळट अक्षरं. शेठनी नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा ते मशीन आईला देऊन टाकलं. आईनं त्यात तिच्या आईची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी टाइप करून ठेवली, रनाळे गावात बाया झोक्यावर म्हणायच्या ती. मराठी अक्षरं नव्हतीच, म्हणून इंग्रजी अक्षरांत सगळी अहिराणी. कागदावर एकही गाणं नाही. जे होतं ते त्या डिस्कवर.

आणि आता दोन वर्षांपासून आई विसरायला लागलीय. रेकॉर्ड करायला फोन समोर धरून म्हणायला बसवलं की दोन ओळी म्हणते, तिसरीला अडते, हसते. "बठ्ठं मशीनमा शे ना," म्हणते, सगळं मशीनमध्येच आहे म्हणून.

मग मी ठरवलं, यंदाच्या आखाजीआधी मशीन चालू करायचंच! वीस वर्षं बंद होतं. पहिल्या दिवशी नुसता पंखा फिरला, पडद्यावर काही नाही. दुसऱ्या दिवशी मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या. आई शेजारी पाटावर बसून बघत होती.

"इंजिनेर व्हयनी नि रबर घासी ऱ्हायनी!"

"असंच करतात गं."

"स्क्रू हारपाडू नको बाई. मन्हं मशीन शे ते."

पट्ट्या परत बसवल्या आणि टीं असा आवाज आला! पडद्यावर अक्षरं! मी नाचलेच. आईनं टाळ्या वाजवल्या.

पण आतली बॅटरी गळून हिरवी झाली होती. आणि ती बॅटरी मेली की या जुन्या मशीनला आपल्या पोटात कुठली डिस्क आहे तेच आठवत नाही. त्याला तीन आकडे सांगावे लागतात, ट्रॅक किती, वाचणारी हेड किती, एका ट्रॅकवर तुकडे किती. आकडे डिस्कवरच्या लेबलवर छापलेले असतात. आमच्या लेबलवर हळदीकुंकवाचा थर होता. आई दर दसऱ्याला झाकण उघडून पूजा करायची, आणि कुंकू लावायची ते नेमकं डिस्कला, कारण जीव तिथे असतो म्हणे. मी कापसावर स्पिरिट घेऊन पुसलं. कुंकू निघालं, शाईपण निघाली. पहिला आकडा वाचता आला, ८२०. शेवटचा १७. मधल्याचं नुसतं वरचं टोक उरलं होतं. मला तो पाच वाटला. आई वापरायची तेव्हाही ती बॅटरी टिकायची नाही, आकडे रोज आईच टाकायची.

"आई, मधला आकडा काय टाकायचीस तू?"

"सहा." लगेच म्हणाली.

"नक्की?"

"माले काय इचारस? रोज तं टाकू मी." आणि त्याच दमात, "तुन्ही शाळा सुटनी का वं?"

मी चोवीस वर्षांची आहे. मला हसू आलं. हसले मी, आणि पाच टाकला.

आईच्या डब्यात एक अडीअडचणीची फ्लॉपी होती, तिच्यावरून मशीन उठलं. मग ते डिस्क तपासायला लागलं आणि विचारायला लागलं. इथे गडबड आहे, काढून टाकू? हो की नाही? मी हो दाबलं. परत विचारलं. परत हो. मग विचारतच राहिलं, आणि मी हो, हो, हो, बोट उचललंच नाही. मला वाटलं दुरुस्त होतंय! आधी डिस्कची नक्कल काढायची, हे मी दुसऱ्या कोणालाही ओरडून सांगितलं असतं. माझ्यानं तेवढा धीर धरवला नाही. हेडचा आकडा चुकीचा, म्हणून मशीन भलत्याच जागी वाचत होतं, आणि तिथे जे सापडेल ते गडबड म्हणून पुसत होतं.

शंका आली तेव्हा बंद केलं. मग सहा टाकला.

एकही तक्रार न करता डिस्क उघडली. आईच्या नावाचा फोल्डर होता. आत फायलींची नावं होती, झोका एक, झोका दोन, गौराई. प्रत्येकीपुढे शून्य. उघडली की रिकामी. सगळ्या उघडून बघितल्या, मग परत पहिलीपासून.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी जाऊन सांगितलं. काही लपवलं नाही, आकड्याचंपण सांगितलं. ती बराच वेळ काडीची पानं खुडत राहिली.

"मी सहाच सांगेल व्हतं ना?"

"हो."

"मंग?"

तिला रागवायचं होतं, मला दिसत होतं, पण कशावरून रागवायचं ते तिच्या हातून निसटत चाललं होतं. थोड्या वेळानं तिनं मेथीचं ताट माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, "सुरू व्हयनं का वं मशीन?"

मी परत सगळं सांगितलं. तिनं हातातला कप खाली ठेवला, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. तिच्यासाठी पहिल्यांदाच होतं ते. तिसऱ्या दिवशी तेच. काल तेच. आणि आज, आत्ता अर्ध्या तासापूर्वी, तिनं विचारलं आणि मी म्हणाले, "करी ऱ्हायनी आई. व्हई जाई." ती इतकी खूश झाली! केस विंचरायला बसलीय. मशीनपुढे बसायचं आहे म्हणते.

खोटं बोलले म्हणून रडू येतंय की तिचं ऐकलं नाही म्हणून, मला कळत नाही. तुमच्या घरात विसरणारं माणूस आहे का? त्यानं एखादी गोष्ट बरोबर सांगितली आणि तुम्ही हसलात, असं तुमचं झालंय का कधी? मग रोज सकाळी तुम्ही त्याला काय सांगता?