इसरूचे पोपटी जोडे

माही सारी नोकरी शाळेत पीटी शिकवण्यात गेली. रिटायर झालो, पण आवाज काही खाली आला नाई. बायको म्हणते, तुमी कानात बोलले तरी चौकात ऐकू जाते. तर मी धम्मदीप रामटेके, राहणार कुरखेडा, आणि हे सांगून राह्यलो ते इसरू मडावीबद्दल. थोडं जोरात वाटलं तर चालवून घ्या.

इसरू आंबेटोल्याचा, माह्याच हाताखाली शिकलेला. आता चाळिशी पार झाली त्याची. ग्रामपंचायतीत शिपाई हाये, सकाळी नळाचे वॉल खोलतो, मग आपल्या धानाच्या बांधीत जातो. दिसायले काटकुळा, बोलायले त्याहून कमी. पण पळायले लागला की बाप्पा, पाहत राहावं!

पळणं तो कुठल्या मैदानात शिकला नाई. त्याच्या जवानीत आंबेटोल्याले धड रस्ता नव्हता. गावात कुणाले ताप आला की बोटातून रक्त घेऊन काचेच्या पट्टीवर लावत, आणि ती पट्टी कुरखेड्याच्या दवाखान्यात नेऊन द्यायचं काम इसरूकडं. पट्टी लवकर पोचली तर मलेरियाच्या गोळ्या लवकर. सायकल नव्हती, म्हणून पळत यायचा, आणि गोळ्या घेऊन पळतच वापस. पुढं रस्ता झाला, गाड्या आल्या, तापही कमी झाला. याचं पळणं काही सुटलं नाई.

मीच त्याले मॅरेथॉनचं वेड लावलं. बेचाळीस किलोमीटरच्या वर पळायचं, आणि तेही तीन तासांच्या आत. हौशी माणसानं तीन तासांच्या आत येणं म्हणजे लय मोठी गोष्ट. इसरू दरवर्षी चंद्रपुरात पळाले जायचा आणि दरवर्षी थोडक्यात राहून जायचा. कधी दोन मिनिटं, कधी चार. गावातले लोक त्याले ‘तीन तासवाला’ म्हणून चिडवाले लागले. तो हसायचा. पण एकदा माह्या अंगणात बसून म्हणाला, “गुरुजी, एकदा तरी व्हावं जी. मंग काहीच नाई मांगत.”

यंदा त्याचा गुडघा बोलाले लागला. त्याची बायको कमला, एकदम सरळ बाई, तिनं सांगून टाकलं, “या साली पळा. झालं तर झालं, नाई तर नाई. पुढल्या साली धानाच्या रोवण्याले मले तुमचा गुडघा पाह्यजे.” इसरूनं तिले शब्द दिला. म्हणजे ही शर्यत शेवटचीच.

आता माहा पुतण्या अश्वजित राहतो पुण्यात, कंपनीत हाये, त्यालेही पळायचा नाद. त्याच्या कपाटात जोडेच जोडे. त्याचा आणि इसरूचा पाय एका मापाचा. त्यानं कार्बन प्लेटच्या जोड्यांचे दोन जोड पार्सलनं पाठवले. म्हणाला, “काका, दोन्ही पळून पाहा, जो लागू पडेल तो इसरूदादांना ठेवा, दुसरा मला परत पाठवा.”

असे जोडे आंबेटोल्यात कुणी पाह्यलेच नव्हते. एक पोपटी, एक नारिंगी. तळवा इतका जाड, की घातले की माणूस उंच व्हावा. वजन मात्र फुलासारखं. आत फेसासारखा मऊ थर, आणि त्या थराच्या मधात कार्बनची कडक पट्टी. पाय टाकला की फेस दबतो, पट्टी तानते आणि माणसाले पुढं लोटते. कमलानं नारिंगी जोडा हातात घेऊन वाकवून पाह्यला, तो काही वाकेना. म्हणते, “हे त लाकडी हाये. याच्यात पाय कसा घालावं माणसानं?”

मी इंटरनेटवर रात्रंदिवस व्हिडिओ पाह्यले. कोणता फेस जास्त उसळी देतो, कोणाची टाच डळमळते, कोणाचं रबर ओल्या रस्त्यावर घसरते, सारं पाठ झालं. नारिंगी जोडा हलका आणि उसळीचा, पण त्याची लेस बारीक, दातेरी, एकदा आवळली की सुटायचं नाव नाई. पोपटी जरा जड. त्याले जीभ नव्हती, वरून मोज्यासारखं विणलेलं, मागं बोट घालायले मोठा फासा. व्हिडिओवाले सारे नारिंगीच्या बाजूनं होते. मी म्हटलं, बाकीच्यांचं राहू द्या, आपण आपल्या रस्त्यावर मोजू. हातच्या काकणाले आरसा कशाले?

परीक्षा अशी ठरली. इसरू आंबेटोल्याच्या शाळेपासून निघायचा, मी इकडं नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, घड्याळ घेऊन उभा. तो निघाला की कमला मले फोन करायची, मी घड्याळ दाबायचा. एक दिवस पोपटी, एक दिवस नारिंगी. मधात एक दिवस आराम. वेळ सकाळचीच, पोटात तेवढंच, सारं शास्त्रशुद्ध. शिस्तीत मी कुणाचं ऐकत नाई.

आणि दर वेळी पोपटी जिंकला! एकदा नाई, दोनदा नाई, दर वेळी. तोही थोडाथोडका नाई, चांगला अर्ध्या मिनिटानं. मी अश्वजितले फोन करून सांगतलं, तुये व्हिडिओवाले सारे झोपेत हायेत. तो म्हणाला, “काका, हे शक्यच नाही.” मले असा राग आला! म्हटलं, “अबे, तू पुण्यात बसून मले सांगतं? घड्याळ माह्या हातात हाये!”

पण किडा डोक्यात शिरलाच. पुढच्या नारिंगीच्या दिवशी मी रपट्यावर न थांबता मोटरसायकल घेऊन गावाकडून त्याच्या मागं मागं निघालो. शिवेपर्यंत इसरू असा पळाला, की गाडीचा गियर बदलावा लागला. आणि शिवेवर मोहाच्या झाडाजवळ एकदम थांबला. खाली बसला. लेसची गाठ सोडाले लागला. गाठ सुटेना, तर दातानं ओढली. जोडे काढले, हातात घेतले, झाडाखालच्या गावदेवाच्या ठाण्यापुढून अनवाणी चालत गेला, पलीकडं बसला, जोडे घातले, गाठ मारली आणि पुन्हा सुटला.

मी गाडी आडवी घातली. “इसरू! हे काय करून राह्यला बे?”

“जोडे घालून पळून राह्यलो, गुरुजी.”

“काढले काऊन?”

“ठानं हाये न जी.”

“दर वेळी काढत होता?”

“दर वेळी.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं?”

तो भोळेपणानं म्हणाला, “तुमी इचारलं कुठी? इथून सारेच काढून जातेत. मले वाटलं, तुमाले मालूमच असन.”

मी कपाळावर हात मारला. मालूम होतं ना! जन्म गेला माहा या भागात. आंबेटोल्याचं लेकरूही त्या ठाण्यापुढून चपला हातात घेऊन जाते, हे मी हजारदा पाह्यलं होतं. आमच्या घरी बुद्धवंदना, देवाचं काही नाई, म्हणून मी तिथून गाडीवर जायचा, आणि त्यालेही कुणाची ना नव्हती. पण पळणारा माणूस शर्यतीच्या तालमीतही जोडे काढीन, हे डोक्यात आलंच नाई. म्हणजे इतके दिवस मी जोड्याची उसळी मोजतच नव्हतो. कोणता जोडा लवकर निघतो, ते मोजत होतो! नारिंगीची गाठ सोडण्यात-बांधण्यात याचं मिनिट जायचं, आणि पोपटी फाश्याले धरून ओढला की बाहेर.

मग ठाणं नसलेल्या डांबरी रस्त्यावर पुन्हा परीक्षा घेतली. नारिंगीनं पोपटीले धूळ चारली. मी खूश. म्हटलं, ठरलं, नारिंगी. तीन तास आता कुठी जातेत!

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात मी इसरूले गाडीवर बसवून चंद्रपूरले रस्ता दाखवाले नेलं. यंदा आयोजकांनी मार्ग बदलला होता, शहराच्या बाहेर जंगलाच्या कडेनं मोठा वळसा होता. तीस किलोमीटरच्या पुढं, जिथं माणसाची खरी फजिती होते, तिथं एका वळणावर इसरूनं माह्या खांद्यावर हात ठेवला. “थांबा जी.” रस्त्याले लागून झाड, झाडाखाली मातीचे घोडे, वर झेंडे. तो उतरला आणि चपला काढल्या.

मी म्हटलं, “इसरू, हे तुमच्या गावचं नाई.”

“देव त हाये न जी.”

“शर्यतीच्या दिवशी चालते. देव काही घड्याळ घेऊन बसला नाई.”

मी समजावलं, रागावलो, अंगावर गेलो. शेवटी म्हटलं, आताच परवानगी मांगून घे, काम झालं. इसरू झाडाकडं पाहत म्हणाला, “मांगली त तो देईन बी, गुरुजी. पन जोडे घालून समोरून गेलो, तर मंग पुढं मले पळनं गोड नाई लागनार. तीन तासांत आलो तरी नाई लागनार.”

मी गाडीले किक मारली. अर्ध्या रस्त्यावर तोच म्हणाला, “मंग पोपटीच घालतो. तुमची पहिली परीक्षाच माह्यासाठी बराबर होती.” खरं सांगतो, मनात बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी नारिंगी जोड पुण्याले पाठवून दिला.

शर्यतीच्या दिवशी कमला शेवटच्या रेषेजवळ बसली. मी गाडीनं आतल्या रस्त्यानं जाऊन त्या वळणावर उभा राह्यलो. थंडी अशी, की दात वाजावं. इसरू आला. चाल चांगली होती, हिशेबानं हातात थोडा वेळही होता. झाडाआधी थांबला, वाकला, फाश्यात बोट घातलं, एक जोडा निघाला, दुसरा निघाला. अनवाणी चालत पुढं गेला. मी मनात म्हटलं, शाब्बास, आता घाल आणि सूट.

तो खाली बसला आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. पाय ताठ. बोटं सरळ होईना, जोडा तर वाकणाराच नाई, पाय आत जाईना. पंजा आत घालाले गेला की कळ निघायची. दोन पळणारे बाजूनं निघून गेले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “गुरुजी, गेलं जी,” म्हणाला.

मी रस्त्यावर गुडघे टेकले आणि त्याचा पाय हातात घेतला. त्यानं झटक्यानं मागं ओढला. “नका जी! तुमी गुरुजी हाव, माह्या पायाले हात नका लावू! पाप लागन मले!”

“पापाचं मी पाहतो! पाय दे!” मी असा ओरडलो, की तिथला पाणी वाटणारा पोरगा दोन पावलं मागं सरकला. इसरूनं मान दुसरीकडं वळवली आणि पाय दिला. मी पोटरी चोळली, पंजा वर दाबून धरला, गोळा उतरू दिला. मग फासा ओढून टाच आत बसवली. तोच दुसऱ्या पायाचा प्रकार. काळेभोर, भेगाळलेले पाय. याच पायांनी किती घरी गोळ्या पोचवल्या असतीन! माह्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायले वेळ नव्हता. त्याले काखेत धरून उभा केला आणि पाठीत थाप मारली. “पळ!”

मी आतल्या रस्त्यानं शेवटच्या रेषेवर पोचलो. मोठं घड्याळ लावलं होतं तिथं. कमलानं विचारलं, “येतेत का जी?” मी म्हटलं, “येते.” पण घशात आवाजच नव्हता. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. शेवटच्या शेवटच्या मिनिटांत वळणावर ते पोपटी जोडे दिसले. इसरू लंगडत होता, पण पळत होता. माहा आवाज वापस आला, आणि तो चंद्रपुरातल्या प्रत्येकानं ऐकला असन.

त्यानं रेषा ओलांडली, तेव्हा घड्याळावर तासाचा आकडा अजून दोनच होता.

कमला हसून राह्यली होती आणि रडून राह्यली होती, दोन्ही एकदमच. इसरू तिच्याजवळ गेला, “झालं, आता रोवना,” म्हणाला. मग माह्याकडं वळला आणि माह्या पायावर वाकाले लागला. अर्ध्यात अडकला, पोटऱ्या पुन्हा ताठ. ना वाकता येई, ना उभं राहता येई. “गुरुजी, पाय त धरू द्या एकदा,” म्हणून कण्हत होता. मी म्हटलं, “सकाळपासून पाय धरणं पुरे झालं,” आणि त्याले दोन्ही हातांनी धरून सरळ उभा केला.