भंगारातली कळशी

इनॅमलची पिवळी किटली मी आता विकायला घेत नाही. गिरणी संपाच्या दिवसांत मी माझगावच्या भंगारवाल्याकडून जहाजांवरची डॅनिश, स्वीडिश भांडी घ्यायचो आणि गिरगावात विकायचो. त्या दुपारी अशीच किटली उचलली, तर मागे पितळेची कळशी होती. काठावर माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. तिच्या लग्नात ते मीच कोरून घेतलं होतं. नवरा संपावर, तरी ‘आमचं बरं चाललंय’ म्हणायची. “ही कुणी दिली?” “बाई स्वतः आलेली. बोलली, कायमचे गावी चाललो.” किटली तिथेच टाकून मी डिलाईल रोडवरची तिची चाळ गाठली. खोलीला कुलूप होतं. मेहुणा त्याच चाळीत जन्मला होता, त्याला गाव नव्हतंच. आजही भंगारात पितळ दिसलं की मी आधी काठ वाचतो.