शेवटच्या बाकावरचे आंगचेकर

आंगचेकर गेल्याचं मला बाळारामकडून कळलं. शाळा सुटून गेली होती, मी चौथीच्या वह्या तपासत वर्गात बसले होते आणि दारात बाळाराम म्हात्रे येऊन उभा राहिला. चार वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. बाजारात समोरासमोर आलो तर तो रस्ता ओलांडायचा आणि मीही पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागायचे. "आंगचेकर गेले, बाई. धा दिवस झाले. तुमाला कोन सांगनार, म्हनून आलो," तो म्हणाला. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. माझ्या मनात त्या वेळी पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण लिहायला हवं. मला वाटलं, हा मुद्दाम मलाच सांगायला का आला असेल? चार वर्षांपूर्वी लागलेली ती संशयाची सवय इतकी अंगात भिनली होती...

वाशीत आम्ही राहायला आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. इमारतींना नंबर होते, रस्त्यांना नावं नव्हती, आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की गॅलरीतले कपडे खारट व्हायचे. माझे मिस्टर नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी घेणाऱ्या कचेरीत होते. मी शाळेत शिकवत होते आणि चोरून कविता लिहीत होते. आपल्यासारखे आणखी असतीलच, असं वाटून मी मुख्याध्यापकांकडून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वर्गाची किल्ली मागून घेतली आणि कवितेची बैठक सुरू केली. दहा-बारा माणसं यायची. पहिलीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायची. दोघा-तिघांनी वाचायचं आणि मग बाकीच्यांनी बोलायचं, अशी पद्धत होती. बँकेतले देशमुख कवितेपेक्षा लांब बोलायचे. बाळाराम खाडीकाठच्या गावातला, दिवसा रबाळ्याच्या कारखान्यात मशीनवर काम करायचा. तो वाचायला उभा राहिला की देशमुखसुद्धा गप्प व्हायचे. त्याची बोली आमच्यातल्या काहींना पहिल्यांदा खटकली होती. दुसऱ्यांदा कुणालाच खटकली नाही.

आणि आंगचेकर. पन्नाशीचे, पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेन्सिली. बैठक सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी यायचे, खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे, वरच्या बाजूला उलटणारी एक वही काढायचे आणि संपेपर्यंत लिहीत राहायचे. स्वतः कधी वाचलं नाही, चर्चेत एक वाक्य बोलले नाहीत. संपलं की चहाला न थांबता निघून जायचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत स्टेनो आहेत, एवढंच ठाऊक होतं. कुठे राहता विचारलं तर "इथंच" म्हणायचे. मी एकदा सहज त्यांच्या वहीत डोकावले. सगळ्या पानभर वळणं, रेघा, ठिपके. मराठीचं शॉर्टहँड. "सवय आहे हो. ऐकलं की हात चालतो," ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. वही मिटली, हे माझ्या लक्षात राहिलं.

ते दिवसही तसेच होते. जमिनींच्या भावावरून गावं पेटली होती, मोर्चे निघत होते, आणि गावातली माणसं आम्हा फ्लॅटवाल्यांकडे आणि आम्ही त्यांच्याकडे जरा अंतर ठेवून बघत होतो. त्या सुमारास बाळारामने एक कविता वाचली. शेतात मोजणीवाल्यांनी खुणेचा दगड पुरला आहे आणि बाप रोज सकाळी सवयीने त्या दगडालाही पाणी घालतो, अशी. मग देशमुखांनी विचारलं की, कवीच्या मते त्या दगडाचं करायचं काय? बाळारामने काहीतरी उत्तर दिलं, त्यावर वाद झाला, आवाज चढले. मी भारावून घरी गेले आणि दुपारी जेवताना मिस्टरांना सगळं रंगवून सांगितलं. पाचव्या दिवशी बाळारामला पोलीस चौकीत बोलावलं. दगड उपटून टाका असं शाळेत भरलेल्या सभेत हा बोलला, अशी त्यांच्याकडे बातमी होती. दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं.

बातमी पोचवली कुणी? देशमुख दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले. "जो कधी बोलत नाही आणि सगळं टिपून घेतो, त्याच्यावर संशय घ्यायचा नाही तर कुणावर घ्यायचा?" ते म्हणाले. मला पुरावा लागत होता आणि तोही मिळाला. बाळारामला बोलावलं त्याच दिवशी दुपारी शाळेतून येताना मी आंगचेकरांना चौकीच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं. हातात तीच वही. मागे हवालदार त्यांना काही सांगत होता आणि ते मान हलवत होते. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. देशमुख बोलले आणि सगळं एकदम जुळलं. उशिरा येणं, न थांबता जाणं, पत्ता न सांगणं, ती वही मिटणं...

पुढच्या बैठकीला ते आले तेव्हा मी दारातच उभी होते. बाकीचे आत होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "आंगचेकर, यापुढे आपण आला नाहीत तर बरं होईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का, असं विचारलं नाही. न विचारणं म्हणजे कबुलीच, असं मी मनात म्हटलं. "बरं," ते म्हणाले. मग जिन्यापर्यंत जाऊन परत वळले. "आज म्हात्रे वाचणार आहेत का?" मी पाठ फिरवली. किती निर्ढावलेला माणूस, असं मी नंतर आत जाऊन सगळ्यांना सांगितलं. बाळाराम त्या दिवशी आला नव्हताच, नंतरही कधी आला नाही. आणि खरं सांगायचं तर बैठकही तिथेच संपली होती. आम्ही जमत होतो, वाचत होतो, पण बोलताना प्रत्येक जण आधी दाराकडे बघायचा. वर्षभरात मी किल्ली परत केली.

हे सगळं त्या दिवशी वर्गात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं असेल, कारण बाळाराम म्हणाला, "तुमाला अजून तेच वाटतंय ना?" मग उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. त्याला चौकीत बसवलंय हे आंगचेकरांना कंपनीत कळलं, रबाळ्याच्या कुणा कामगाराकडून. ते अर्धी रजा टाकून, वही घेऊन आपणहून चौकीत गेले. त्या रविवारी शाळेत कोण काय बोललं ते शब्द न शब्द साहेबांना वाचून दाखवलं. बाळारामचं उत्तर त्यात होतं. "दगड उपटून काय होनार, तो आमच्या आतच रुजलाय." ते ऐकल्यावर साहेबांनी त्याला जाऊ दिलं. त्याला हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्याच चौकीतला, त्याच्याच गावचा हवालदार एका लग्नात बोलून गेला. तेव्हा तो आंगचेकरांना शोधत त्यांच्या घरी गेला आणि मग जातच राहिला.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमच्यावरच संशय होता माझा, बाई. तुमचे मिस्टर जमिनीच्या हापिसात हायत."

मला राग आला, म्हणजे यायला लागला आणि मध्येच थांबला. कारण त्या दुपारचं जेवण मला आठवलं. देशमुख काय म्हणाले, बाळाराम काय म्हणाला, हे मी हातवारे करून सांगत होते. त्यात दगड उपटायची गोष्ट मी कशी सांगितली होती? बाळारामने नाकारली अशी, की बोलला अशी? घरी जाऊन मी मिस्टरांना विचारलं की, ते तुम्ही कचेरीत कुणाजवळ बोलला होता का? ते म्हणाले, "इतक्या वर्षांचं कुणाला आठवतंय?" आणि त्यांनी पेपर पुन्हा उघडला. ते खरंच विसरले असतील. नसतीलही. मी तो प्रश्न त्यानंतर विचारलेला नाही, आणि तो माझ्या मनातून गेलेलाही नाही.

दोन आठवड्यांनी बाळारामबरोबर मी आंगचेकरांच्या घरी गेले. शाळेपासून दहा मिनिटांवर, चौथा मजला, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला. "काकू बैठकीबद्दल काय बी बोलल्या तरी हो म्हना," एवढंच म्हणाला. मला काही कळेना. दार शेजारच्या बाईंनी उघडलं. आंगचेकरबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, संधिवाताने बोटं पार वाकडी झालेली. लग्नापूर्वी त्या रत्नागिरीत ग्रंथालयात काम करत असत. वाशीत राहायला आल्यापासून त्या जिना उतरलेल्या नव्हत्या. बायको घराबाहेर पडू शकत नाही, हे आंगचेकरांना चार लोकांत सांगायला आवडायचं नाही. म्हणून ते दर महिन्याला आमची सगळी बैठक वहीत भरून वर न्यायचे आणि जेवणाआधी तिला वाचून दाखवायचे. कविता, चर्चा, कोण हसलं, कोण रागावलं, सगळं. मग ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे आणि ती सांगेल तो अभिप्राय समासात लाल पेन्सिलीने लिहायचे. माझ्या एका कवितेशेजारी होतं, 'बाई स्वतःला फार जपून लिहितात.' मी ते वाचलं आणि मान खाली घातली, कारण खरं होतं.

कपाटात अशा फायली होत्या. मी चाळत गेले आणि एका पानाशी थांबले. ती बैठक मला आठवेना. पुढचीही आठवेना. देशमुखांची कविता होती जी त्यांनी कधी लिहिली नव्हती, बाळारामच्या तर कितीतरी. माझी भाषणं होती. मी नवख्यांना धीर देत होते, कुणाला तरी चहाला थांबवून घेत होते... मी बाळारामकडे पाहिलं. त्याने नजर वळवली. मी त्यांना दारातून परत पाठवलं, हे आंगचेकरांनी घरी सांगितलंच नव्हतं. नंतरही दर महिन्याच्या त्या रविवारी ते वही घेऊन घरातून निघायचे, खाडीच्या बांधावर तीन तास बसायचे आणि आम्हा सगळ्यांच्या नावाने बैठक लिहून आणायचे. हे त्यांनी फक्त बाळारामला सांगितलं होतं.

"मला पहिल्याच महिन्यात संशय आला होता," आंगचेकरबाई शांतपणे म्हणाल्या. बाळाराम चमकला. त्यांना काही ठाऊक नाही, असं तो ही दोन वर्षं धरून चालला होता. "देशमुख इतकं थोडक्यात बोलणारच नाहीत."

"मग विचारलं नाहीत त्यांना?"

"विचारलं असतं तर ते थांबले असते. आणि कविता चांगल्या होत्या हो." त्यांनी एवढंच म्हटलं. आंगचेकरांना बैठकीला यायचं का बंद करावं लागलं, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी होऊन सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि माझं संपल्यावर शेजारच्या बाईंना आम्हाला पाणी द्यायला सांगितलं. क्षमा केली की नाही ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

मग त्यांनी सगळ्यात वरची फाईल उघडायला लावली. आंगचेकर दवाखान्यात गेले त्याच्या आधीच्या रविवारची. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की, सगळ्यांचं वाचून झाल्यावर बाईंनी, म्हणजे मी, मागच्या बाकाकडे बघून म्हटलं, आंगचेकर, आज तुमचं काही ऐकवा. खाली आठ ओळी होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नावाखाली. "वाचा," आंगचेकरबाई म्हणाल्या. मी मोठ्याने वाचायला लागले. भराभर वाचत होते. तिसऱ्या ओळीशी त्यांनी वाकडा हात वर केला.

"सावकाश. वाचताना ते इथे थांबले होते."

मी थांबले.