नारळ हिचा

"पाण्यात पडला तो आपला, त्याला सोडायचा नाय," असं भीमराज नेहमी म्हणायचा. अंधेरीच्या वेसावे कोळीवाड्यात हे त्याच्या तोंडून न ऐकलेलं घर नव्हतं. मासळी विकून त्याला शिकवणारी थोरली बहीण सखुबाई वैतागायची, "पाण्यात पडला तो दर्याचा रे! तू कोण?"

कोळ्याचा पोर नौदलाचं लढाऊ विमान उडवतो, हा तिच्या जन्माचा दागिना. एकाहत्तरच्या लढाईत त्याने शत्रूचं एक विमान पाडलं. पण जोडीदार हर्षदच्या विमानाने पेट घेतला आणि हर्षद हवाई छत्रीने समुद्रात उतरला. शत्रूचं दुसरं विमान त्याच्यावर झेपावलं. भीमराजच्या गोळ्या संपल्या होत्या. तरी तो त्याच्या वाटेत आडवा घुसत राहिला, ते तोंड फिरवून पळेपर्यंत. मग इंधन सरत आलं तरी वर घिरट्या घालत राहिला, आपल्या बोटीला जागा दिसावी म्हणून. बोट पोचली तेव्हा पाण्यावर नुसती छत्री होती.

भीमराजला वीरचक्र मिळालं. गावाने नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ दर्याला वाहण्याचा मान देऊ केला. दरवर्षी तो म्हणे, "पुढल्या साली." सखुबाई नव्वदीला टेकली. "एकदा या डोळ्यांनी बघू दे रे भीम्या," एवढंच तिचं मागणं.

यंदा तो हो म्हणाला. सखुबाई ठेवणीतलं लुगडं नेसली. मिरवणूक किनाऱ्यावर आली, आणि भीमराजने नारळ शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीपुढे धरला. ती अनुपमा, हर्षदची बायको. तिला त्यानेच मुलुंडहून आणलं होतं.

"बाय, माझं विमान परत आलं," तो बहिणीला म्हणाला. "हिचा माणूस नाय आला. नारळ हिचा."

बाजा थांबला. मंडळाचा केतन पुढे झाला. "काका, विधवेच्या हातून नाय चालत."

सगळे सखुबाईकडे बघू लागले. तिने केतनच्या बाजूने मान हलवली असती तर नारळ भावाच्याच हातात राहिला असता. ती केतनकडे वळली.

"मी पण विधवाच रे केतन. माझ्या हातची मासळी खाऊन वाढलास, ती बरी चालली? हो बाजूला!"

"नको हो," अनुपमा पुटपुटली. "या पाण्यावर माझा राग आहे."

"मग रागानेच दे गं," सखुबाई म्हणाली. "दर्याला सवय आहे."

भीमराजने नारळ अनुपमाच्या ओंजळीत ठेवला, तिचा दंड धरला आणि दोघं ओल्या वाळूतून निघाली. कोळणींनी सखुबाईला बसायला पाट दिला. ती बसली नाही. भावाची वाकलेली पाठ पाण्याकडे जात होती, ती बघत उभी राहिली.