ताईचं गाव अन लोखंडाचा राक्षस

साकोलीचा पोट्टा लिहाले बसला म्हणजे तुमाले वाटत असन, आता हा वाघ काढन. नागझिऱ्याचं जंगल बाजूलेच हाय, वाघ तं पाहिजेच. पहिलेच सांगून टाकतो, मी आजपर्यंत वाघ पाहिला नाही. एकदा पाव्हण्यांसोबत गेलो होतो, तं दिवसभर फिरून एक नीलगाय दिसली, तेही पाठमोरी. मी जे मारलं ते वाघापेक्षा मोठं होतं. तीन मजली उंच, अख्खं लोखंडाचं. तुम्ही म्हणान, फेकून राहिला. फेकत नाही. मारलं म्हणजे मारलं, माह्या ह्याच अंगठ्यानं, मोबाइलात.

थांबा, पान उलटवू नका. राक्षस मोबाइलातला होता, पण त्याच्यापायी जे झालं ते आमच्या घरात झालं.

मोबाइल होता ताईचा. ताई म्हणजे माही सख्खी मोठी बहीण. बारावी झाल्यावर तिचा नर्सिंगले नंबर लागला नाही, अन ती एक वर्ष घरीच राहिली. आता आमच्या इकडे पोरगी एक वर्ष घरी राहिली का सगळ्या गल्लीले तिची काळजी. शेजारची काकू दळण घेऊन जाता जाता दारात थांबे अन नाकातून विचारे, "काय वं बाई, घरीच हायेस का अजून?" काकू गेली का मी तिचा तोच नाकातला आवाज काढो. तेवढंच ताई दिवसातून एकदा हासे. बाकीचा वेळ अभ्यास. अन अभ्यास झाला का मोबाइलात गाव बसवणं.

तो खेळ असा हाय का तुमाले जादूच्या जगात एक उजाड जागा भेटते. डोंगर, तलाव, रात्री चमकणारी झाडं. त्यात झोपड्या बांधा, धान लावा, माणसं वसवा. मोबाइल बंद केला तरी आतला दिवस चालूच राहाते. माणसं भुकेली होतात, बिमार पडतात, अन एकदा मेलं तं मेलं, परत येत नाही. ताईनं त्या वर्षात बावीस घरं उभी केली. कोणत्या घरात कोण राहाते, कोणाची कोणाशी पटत नाही, सगळं तिले तोंडपाठ. लोक तिले रिकामी म्हणून राहिले होते अन ती अख्खं गाव चालवून राहिली होती.

मंग नंबर लागला, नागपूरले. होस्टेलात पहिल्या वर्षाच्या पोरींले मोबाइल ठेवू देत नोहते. रविवारी तेवढा तिथल्या ऑफिसातून घरी फोन. बसस्टँडवर तिनं मोबाइल माह्या हातात देला, पण सोडला नाही.

"माह्या गावाले सांभाळजो. मी आली का सगळे जिते दिसले पाहिजे."

"हो."

"हो नाही, आयक. काही समजलं नाही तं स्वतःचं डोकं लावू नको. रविवारी मले विचार."

सहा-सात महिने मी गाव चांगलं सांभाळलं. मधात ती एकदा सुट्टीत आली, एकेक माणूस मोजून पाहिला, अन मले पाठीत धपाटा मारून "बरा हायेस बे" म्हणाली. ताईकडून एवढं म्हणजे लय झालं.

अन मंग रोवणीच्या, म्हणजे धान लावाच्या दिवसात, एका बुधवारी, तो आला.

आमच्या आंबागडच्या किल्ल्याले जशी टेकडी हाय तशी एक टेकडी ताईच्या गावामागं होती. तिच्यामागून एक लोखंडाचं डोकं वर आलं. डोळ्यांच्या जागी दोन जळत्या भट्ट्या. चालला का आवाज येये, खडांग... खडांग... जसं कोणी रिकामं पिंप रस्त्यानं लोटून राहिलं. कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं. उद्या दुपारी एक वाजता तो गावात पोचणार.

गुरुवारी मी पोट दुखते म्हणून शाळेले गेलो नाही. आई मामाच्या रोवणीले दिघोरीले गेली होती. बाबा भाड्याचा टॅक्टर चालवे, तो पहाटेच कोणाच्या तरी शेतात चिखलनीले निघून गेला होता. घरी मी अन राक्षस.

बाण मारले. टण्ण. दगड फेकले. टण्ण. आठ पोट्टे भाले देऊन पाठवले, तं त्यानं नुसता पाय उचलून ठेवला अन तीन जण गेले. त्या तिघांची नावं ताईनं ठेवली होती. मी ती वाचली अन माह्या पोटात खरंच दुखाले लागलं. रविवार तीन दिवसांवर, अन राक्षस चार तासांवर. आता सांगा, कोणाले विचारू?

होस्टेलच्या मॅडमचा नंबर मोबाइलात होता. पण भाऊ बोलतो म्हटलं तं ती कायले बोलवन? बाप म्हटलं तं बोलवन. बाबाचा आवाज मले मस्त जमते. त्याच्या गालात कायम खर्रा, म्हणून तो अर्धे शब्द तंबाखूतूनच बोलते. मी गालात मूठभर मुरमुरे कोंबले अन फोन लावला.

"हॅलो मॅडम, तुमच्याकडं साकोलीची एकच पोरगी हाय ना, तिचा बाप बोलून राहिलो."

"बोला. ती आत्ता वॉर्डात आहे. काय काम होतं?"

"जरा तिच्याशी बोलू द्या. घरी संकट आलं हाय."

"अरे देवा. कसलं संकट?"

आता काय सांगू? म्हटलं, "फोनवर सांगण्यासारखं नाही मॅडम. पण वेळ कमी हाय. तीन-चार तास, लय झाले तं."

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

मी बरी हाय म्हणाले तोंड उघडलं, तं एक मुरमुरा सरळ नरड्यात गेला. मी असा खोकललो, असा खोकललो का डोळ्यांतून पाणी. त्यातूनच कसं तरी म्हटलं, "एकदा... तिचा आवाज... आयकू द्या... बस."

मॅडमचा आवाजच बदलला. "तुम्ही धीर धरा काका. मी बघते." अन फोन ठेवला.

मले वाटलं, किती चांगली मॅडम हाय. आता दहा मिनिटांत ताईचा फोन येईन.

आला नाही. दहा मिनिटं गेली, तास गेला. त्याच्यानंतर एक अनोळखी नंबर येऊ लागला. फोन आला का सगळा स्क्रीन झाके, अन राक्षस तोपर्यंत दोन पावलं पुढं. ताईचा फोन तं होस्टेलच्याच नंबरवरून येईन, हा कोण? असन कोणी लोनवाला. मी कापला. परत आला, परत कापला. होस्टेलचा नंबर मी मधात दोनदा लावला, तं तिकडं कोणी उचलेच ना.

एक वाजता राक्षस गावात शिरला. पहिले लोहाराचं घर पाडलं, मंग त्याच्या बाजूचं. माणसं पळून राहिली होती अन ती वर पाहून हात हलवत होती, म्हणजे माह्याकडंच. मी काही करू शकत नोहतो. नुसतं बोट फिरवून राहिलो होतो.

तेवढ्यात बाबा जेवाले आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"शाळा नाही का बे?"

"पोट दुखून राहिलं."

"मोबाइल पाहून थांबते का दुखणं?" असं म्हणून त्यानं ताट वाढून घेतलं अन माह्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पाहिलं तं पाहातच राहिला. "किती वजनाचा असन हा?"

"मले काय माहीत बाबा! ताईचं गाव चाललं सगळं!"

"मंग कोरड्या जागेवर कायले लढून राहिला? बांधीत ने त्याले." बांधी म्हणजे धानाचं, चारी बाजूनं बांध घातलेलं शेत. "परवा एकाचा नवा टॅक्टर बिना लोखंडी चाकाचा चिखलात टाकला, तं पोटापर्यंत गेला. दोन टॅक्टर लावून निघाला नाही. हा तं त्याच्या दहापट दिसते. सोड तलावाचं पाणी."

"धान जाईन ना! ताईचं वर्षभराचं धान हाय!"

"माणसं राहिली तं धान परत लागते. सोड म्हणतो ना!"

मी तलाव फोडला. बांध्या भरल्या, हिरवं सगळं पाण्याखाली गेलं. तो भट्टी पाहून लोहाराकडं वळला होता, म्हणून पलीकडच्या बांधावर आग पेटवली. तो वळला. एक पाय चिखलात. दुसरा पाय. मंग तिसरं पाऊल उचललंच नाही. घुटण्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला, एक हात वर करून कण्हला अन थांबला. गावातली माणसं हातोडे घेऊन तुटून पडली.

"मार! गुडघ्यात मार! नट ढिले कर!" बाबा एका हातात भात घेऊन ओरडून राहिला होता. डोकं खाली पडलं, भट्ट्या विझल्या. मी उठून राक्षसाची नक्कल करून दाखवली, चिखलात फसल्यावर कसा कण्हला ते. बाबा असा हासला का त्याले ठसका लागला.

अन दारात ताई उभी.

नर्सिंगचा पांढरा ड्रेस, हातात तुटलेली चप्पल, दुसरा पाय अनवाणी. माह्याकडं पाहिलंच नाही. सरळ येऊन बाबाचं मनगट धरलं.

"काय वं? आज सुट्टी का?" बाबानं विचारलं.

ताईनं बाबाकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं, मंग माह्या हातातल्या मोबाइलाकडं. अन मले समजलं. माहा एक वाईट गुण हाय, भेव वाटलं का तोंडातून नक्कलच निघते. मी मॅडमच्या आवाजात म्हटलं, "तुम्ही धीर धरा..."

"दात काढू नको!" ताई अशी ओरडली का काकू दळणाचा डबा घेऊन दारात थांबली. "पेशंटचं बीपी घेऊन राहिली होती मी. मॅडम आली अन काही न बोलता खांद्यावर हात ठेवला. असा हात ठेवला का काय समजाचं असते बे? भंडाऱ्यापर्यंत बाबा दवाखान्यात होता. लाखनी येईपर्यंत गेला होता. आईले दिघोरीवरून कोण आणन, तुही शाळा कशी करू, कोणत्या दुकानात कामाले लागू, सगळं ठरवून झालं होतं माहं! बाजूच्या माणसाचा फोन मागून अकरा खेपा लावला, अकराही खेपा तू कापला!"

"ताई, पण तुह्या गावात..."

"गाव गेलं चुलीत! अन बाबा, तुम्ही हासू नका, टूलबॉक्सात फोन ठेवून जाता, कायले घेतला मंग तो? अन तू, लाव मॅडमले फोन. लाव! माहा प्रॅक्टिकल बुडाला ते सांग, काहून बुडाला तेही सांग. अन खबरदार, दुसऱ्या कोणाच्या आवाजात एक शब्द बोलशीन तं!"