चंद्रीचा काळा रंग

धुळ्याच्या तबस्सुमने घरी केक करायला सुरुवात केली, तेव्हा भाजणं तिचं आणि रंग धाकट्या बहिणीचे, नाजमीनचे. नाजमीन लग्न होऊन शारजाला गेली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून गडद रंगाची ऑर्डर आली की तबस्सुम काहीतरी सबब सांगून गिऱ्हाइकाला फिकट रंगावर आणायची.

दोंडाईच्याच्या सुलक्षणाला मात्र तिच्याने नाही म्हणवेना. सुलक्षणाच्या सासऱ्यांची, लोटन आबांची एकसष्टी होती. गुडघे गेले म्हणून आबांनी दावणीची शेवटची म्हैस, चंद्री, विकली, आणि तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

"केकवर आमची चंद्री हवी. काळीभोर," सुलक्षणा म्हणाली.

फॉन्डंट म्हणजे साखरेचा कणकेसारखा मऊ गोळा. तबस्सुमने त्यात काळा रंग मळला, तर राखाडी झाला. आणखी घातला, तर गोळा हाताला चिकटायला लागला, वर चव कडूजहर. भर दुपारी ती ओट्यापाशी रडकुंडीला आली. शेवटी तिने फोन लावला. कित्येक दिवसांनी.

"आपा, पांढऱ्यावर काळा ओतत बसलीस?" नाजमीन हसली. "आधी कोको घालून तपकिरी कर. मग थोडासाच काळा. आणि घट्ट झाकून उद्यापर्यंत हात लावू नकोस. रंग आपोआप चढतो."

"तू करतेस का गं तिकडे?"

"इथे कुणासाठी करू?"

मग नाजमीनने हळूच विचारलं, "घरात व्हॅनिलाचा वास येतोय?"

"येतोय."

दुसऱ्या दिवशी तबस्सुमने झाकण काढलं. गोळा कपाशीच्या रानातल्या ओल्या मातीसारखा काळा झाला होता. तिने म्हैस घडवली आणि खोका मांडीवर घेऊन एसटीने दोंडाईचा गाठलं.

आबा बराच वेळ बघत राहिले. "हाई ते मनी चंद्री शे," ही तर माझीच चंद्री, असं म्हणत त्यांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोटाला लागलेलं काळं त्यांनी पुसलं नाही. केक कापला, पण म्हशीला सुरी लावू दिली नाही.

तबस्सुमने या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता, तो नाजमीनला पाठवला. स्टँडवर पोचली तेव्हा उत्तराचा व्हॉइस मेसेज आला. "आपा, शिंगं जरा मागे वळवायची होतीस. मी असते तर..." पुढे नुसता श्वास ऐकू येत होता.

तबस्सुमने ते तीनदा ऐकलं. धुळ्याची गाडी लागली, भरली, निघून गेली. तिने लिहिलं, "ये ना एकदा." मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे नाजमीनने वाचलं होतं. ती बाकावर बसून उत्तराची वाट बघत राहिली.