गाडी हलवू नका

विमा म्हणजे संकटात पाठीशी उभा राहणारा विश्वास, असं रायपूरला माझ्या ऑफिसशेजारच्या विमा कार्यालयात सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. शिपाई ती अक्षरं रोज पुसायचा. त्यांच्याखाली गुढियारी वस्तीतला एक ट्रकमालक बसून असे. अपघात झालेला एकुलता एक ट्रक तो स्वतःच चालवायचा. बसल्या बसल्याही त्याचा डावा पाय क्लच दाबत राही.

नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत गाडी हलवायची नाही, असा विमा कार्यालयातल्या साहेबांचा हुकूम होता.

"काहून ऐकता यांचं? दुरुस्त करून टाका!" मी चिडलो.

"मंग क्लेम जाते, भैया. अपघातात नुसती केबिन गेली होती. बाकीची गाडी यांची वाट पाहण्यात जाऊन राहिली."

सर्व्हेअर पावसाळ्यानंतर आला. क्लेम नामंजूर झाला. कारण दिलं होतं: गाडी फार दिवस एकाच जागी उभी ठेवल्यामुळे गंजली.